ट्रान्सफॉर्मरपर्यंत एक फेरी

दादारावांनी डावा पाय पेडलवर ठेवला, हँडल दोन्ही हातांनी आवळून धरलं, आणि उजवा पाय काही जमिनीवरून उचलला नाही. समोर सायकलवाला नरसिंह फडक्याला हात पुसत उभा होता.

"चलिए अंकल जी, एक राउंड. ट्रान्सफॉर्मर तक जाइए और वापस."

दादारावांनी ट्रान्सफॉर्मरकडे पाहिलं. फरीदाबादच्या त्या छोट्या बाजारात तो दुकानापासून हाकेच्या अंतरावर होता. आज मात्र नागपूरइतका लांब वाटत होता. मध्ये एक ई-रिक्षा आडवी लावलेली, पलीकडे चहाची टपरी, आणि टपरीच्या बाकावर ती माणसं, ज्यांना दुसऱ्याची फजिती बघण्याखेरीज सकाळचं काही काम नसतं.

त्यांनी पाय खाली घेतला, वाकून कान पेडलपाशी नेला.

"आवाज़ आ रही है," ते म्हणाले.

"खड़ी साइकिल में से?"

"हलकी-सी. टक... टक. यहाँ कहीं."

नरसिंहने डोळे मिटले. मागच्या खेपेला सीट कुरकुरत होती, त्याआधी ब्रेक घासत होता, आता हे टक टक. बेअरिंगचे छर्रे बदलून झाले होते, चाकांची आऊट काढून ती सरळ करून झाली होती, चेन तर लग्नातल्या दागिन्यासारखी चमकत होती. सायकल नवी कोरी, त्याच्याच दुकानातून गेलेली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, की अंकल, सायकलला काही झालेलं नाही, तुमचे कान तपासा. पण नरसिंह बापाच्या गादीवर बसलेला माणूस. गिऱ्हाइकाने आवाज सांगावा आणि आपल्याला तो सापडू नये, ही त्याच्या लेखी भर बाजारात नाक कापून घेण्याची गोष्ट होती.

"छोड़ जाइए," तो दुखऱ्या स्वरात म्हणाला. "देख लूँगा."

दादारावांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी टपरीवर थांबून चहा घेतला आणि वर मठरीही खाल्ली.

नरसिंहच्या दुकानाचा हा नियम साऱ्या बाजाराला ठाऊक होता. काम झालं की गिऱ्हाइकाने त्याच्या देखत ट्रान्सफॉर्मरपर्यंत एक फेरी मारायची, आणि मग सायकल न्यायची. कधी काळी कोणी तरी न बघताच सायकल नेली होती आणि दुसऱ्या दिवशी येऊन ब्रेकवरून तमाशा केला होता. तेव्हापासून फेरी नाही तर सायकल नाही. सायकल विकत घेतली त्या दिवशी ही फेरी दादारावांच्या मुलाने, धम्मपालने मारली होती आणि घरीही तोच चालवत घेऊन गेला होता. सर्व्हिसिंगची वेळ आली तेव्हा दादारावांनी "मीच नेतो, जवळच तर आहे" म्हटलं, सायकल हातात धरून चालत नेली, आणि अडकले.

खरी भानगड हिवाळ्यात सुरू झाली होती. धुक्याच्या एका सकाळी सायकलवरून दूध घेऊन येताना दादाराव रस्त्याच्या मधोमध, काही कारण नसताना, पोतं कलंडावं तसे एका अंगावर कलंडले. कुत्रं आडवं आलं नव्हतं, खड्डा नव्हता. जगच एकदम डावीकडे झुकलं होतं आणि दादाराव त्याच्या मागोमाग गेले. कोपर सोललं, दूध सांडलं. घरी येऊन त्यांनी सांगितलं, "ब्रेक लागला नाही." बस, एवढंच सांगितलं. पण मुलगा गुणी निघाला की बापाच्या थापा महागात पडतात. धम्मपालने पुढच्याच रविवारी जुनी सायकल भंगारात घातली आणि नवी आणून दारात उभी केली. "बाबा, जयंतीला आता ही घेऊन पुढे राहा. टॉप क्लास ब्रेक आहेत."

जयंतीला पुढे राहणं म्हणजे काय, हे त्या वसाहतीत कोणाला सांगावं लागत नसे. भंडारा, वर्धा, नांदेड अशा ठिकाणांहून सरकारी नोकऱ्यांच्या निमित्ताने येऊन फरीदाबादला स्थिरावलेली ही मंडळी. दादाराव स्वतः सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले. चौदा एप्रिलची सायकल रॅली त्यांनीच सुरू केली होती, जेव्हा विहाराच्या जागी नुसती मोकळी जमीन होती आणि रॅलीत सायकली मोजून चार. पांढरे कपडे, हँडलला निळा झेंडा, सगळ्यांत पुढे दादाराव गजभिये, ही दरसालची रीत. पोरांची पोरं झाली, सायकलींना गिअर आले, पण पहिली सायकल त्यांचीच राहिली.

आणि आता त्यांना सायकलवर बसायची भीती वाटत होती. साधी सरळ भीती, लहान मुलाला वाटते तशी. ते कोणाला सांगणं त्यांना जमत नव्हतं. रॅलीच्या रस्त्यावर, झेंड्यासकट, साऱ्या समाजासमोर कलंडलो तर? आणि नाही म्हटलं, तर झेंडा खाली ठेवला असं होईल. तेव्हा एकच मार्ग दिसत होता. जयंती पार पडेपर्यंत सायकल दुकानातच राहिली पाहिजे.

संध्याकाळी श्रावण वासनिकांचा फोन आला. हे पहिल्या रॅलीच्या चौघांपैकी एक, आता गुडघ्यांना पट्टे बांधून हिंडणारे.

"जय भीम दादाराव. आली का सायकल?"

"जय भीम. कुठली येते! दुकानातच पडली आहे. आजकाल लोकांना काम नको, नुसते पैसे हवेत," दादारावांनी बिचाऱ्या नरसिंहच्या नावावर सगळं खपवलं.

"असं कसं चालेल? तू पुढे नसलास तर रॅली कसली रे?"

दादारावांच्या पत्नी गंगुबाई मेथी निवडत बसल्या होत्या. फोन संपल्यावर त्यांनी वर न बघताच विचारलं,

"नाहीच मिळाली वेळेवर, तर?"

"तर काय." दादारावांनी चेहरा शक्य तितका उतरवला. "नाइलाज."

"हो ना," गंगुबाईंनीही सुस्कारा सोडला. "नाइलाजाला काय इलाज."

धम्मपाल लॅपटॉप मिटत म्हणाला, "अरे यार, इतके दिवस काय करतोय तो? मी जाऊन बोलतो उद्या. मीच घेऊन येतो."

"नको!"

नवरा-बायको दोघंही एकदम बोलले. सून उन्नती पाणी पिता पिता थांबली आणि तिने सासऱ्यांकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. दादारावांनाही गंगुबाईंच्या 'नको'चं जरा नवल वाटलं. पण चोराच्या मनात चांदणं, त्यांना स्वतःचं 'नको' सावरण्याची इतकी घाई होती, की ते नवल तिथेच राहिलं.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांना राहवेना. नरसिंह जिद्दीचा माणूस. समजा त्याला कुठे काही टक टक सापडलंच आणि त्याने फोन करून बोलावलं, तर? त्याआधीच जाऊन नवी काही तक्रार गुंतवून ठेवलेली बरी. हँडल, त्यांनी ठरवलं. हँडल उजवीकडे ओढतं म्हणायचं. एरवी ते सकाळी जात. आज गंगुबाई विहारात बायकांबरोबर उद्याच्या तयारीला गेल्या होत्या, घर मोकळं होतं, म्हणून भर उन्हात निघाले.

दुकानाच्या दाराशी जुन्या टायरांची चळत होती. तिच्यापाशी पोहोचले आणि त्यांना आतून ओळखीचा आवाज आला.

"सामान नहीं आया, ऐसा बोलो ना उनको. बस कल का दिन निकलने दो."

प्लास्टिकच्या स्टुलावर, पायाशी कापडी पिशवी ठेवून, गंगुबाई बसल्या होत्या. हातात चहाचा कागदी कप. बसण्याच्या ऐसपैस पद्धतीवरून स्टूल त्यांच्या सवयीचं दिसत होतं.

"आंटी जी, कौन-सा सामान?" नरसिंहचा आवाज रडकुंडीला आला होता. "साइकिल में कुछ है ही नहीं! अंकल आते हैं, बोलते हैं आवाज़ है. आप आती हैं, बोलती हैं देना मत. ये मेरी दुकान है कि धर्मशाला? मैं तो रात को सपने में भी टक टक सुनता हूँ."

"वो चढ़ेंगे तो गिरेंगे, भैया."

"तो बोल दीजिए उनको!"

"मेरे से नहीं होता." गंगुबाईंनी कप खाली ठेवला. "झंडा हमेशा उन्होंने ही उठाया है. मैं ना बोलूँगी तो मान जाएँगे, पर मुँह इतना-सा हो जाएगा. वो मेरे से नहीं देखा जाता."

टायरांच्या आड दादारावांच्या तळपायाची आग आधी मस्तकात गेली. आपल्या पाठीमागे, परक्या माणसाच्या दुकानात बसून, आपल्याच सायकलीचं कारस्थान! पण ती आग तिथे टिकली नाही. तिला माहीत होतं. किती दिवसांपासून कोण जाणे, पण तिला माहीत होतं, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. ती मेथी निवडत होती, पोळ्या लाटत होती, रात्री शेजारी घोरत होती. छातीवरचा दगड कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावा, तसं त्यांना झालं. हसू येतंय की रडू, ते कळेना. आपण एवढे दिवस जे एकट्याने ओढत होतो, त्याला मागून दुसरंही कोणी हात लावून होतं.

आत जावं की न जावं, या विचारात ते क्षणभर उभे राहिले. मग पाय न वाजवता मागे वळले आणि चालत चालत थेट ट्रान्सफॉर्मरपर्यंत गेले. तिथे सावलीत शहतूतची, म्हणजे तुतीच्या फळांची, हातगाडी उभी होती. काळेभोर, पिकून फुटायला आलेले शहतूत. गंगुबाईंचा जीव की प्राण. ते बांधून घेऊन दादाराव मागच्या गल्लीने घरी आले.

गंगुबाई परतल्या तेव्हा ताटलीत धुतलेले शहतूत मांडून ते खुर्चीत बसले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"शहतूत!" त्यांचा चेहरा उजळला. एक तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "कुठून आणले?"

"ट्रान्सफॉर्मरजवळून."

गंगुबाईंचा हात पुन्हा ताटलीकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला.

"तो गाडीवाला तर दुपारचाच असतो तिथं," त्या हळूच म्हणाल्या.

"हो. दुपारचाच."

गंगुबाईंनी थांबलेला हात पुढे नेला, आणखी एक शहतूत उचलला आणि समोरच्या पलंगावर बसल्या. त्यांची बोटं जांभळी झाली होती. दादारावांनी विचारलं,

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही पँट घालता ना, त्यावरून."

"पँट?"

"लग्न झाल्यापासून बघते. उभ्याने, एका पायावर, गाणं गुणगुणत घालायचे. थंडीपासून पलंगावर बसून घालता. भिंत धरून उठता."

दादारावांनी आठवून पाहिलं. खरंच होतं, आणि गंमत म्हणजे हे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आलेलं नव्हतं.

"त्या दिवशी ब्रेक चांगला होता," शेवटी ते म्हणाले. "तोल गेला माझा. सायकलीची काही चूक नव्हती."

"ब्रेक?" गंगुबाई खुदकन हसल्या. "त्या सायकलीला ब्रेक होता कधी? तुम्ही तर चपला घासून थांबवायचे. दर पावसाळ्यात नवी चप्पल."

दादारावही हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसावा तसा सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत बसले.

"मग बोलली काहून नाहीस?" त्यांच्या तोंडून एकदम भंडाऱ्याची बोली निघाली.

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. तुम्ही काही तोंड उघडेनात. मग जाऊन बसले दुकानात." त्यांनी ताटली त्यांच्याकडे सरकवली. "घ्या. आणि जयंती झाली की डॉक्टरकडे चला. बिल्कुल बहाणा नको. कान दाखवायचा, बीपी दाखवायचं, सगळं."

"येतो."

"आणि उद्याचं?"

दादारावांनी फोन उचलला.

"श्रावण, ऐक. मी उद्या सायकल चालवणार नाही. हिवाळ्यात पडलो होतो. तोल राहत नाही आता. भीती वाटते मला." त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "झेंडा उन्नती नेईल. तिची सायकल आहे, पोरंही तिच्या मागे जातील. मी मागून येईन. चालत."

पलीकडून वासनिकांचा एक असा लांबलचक निःश्वास आला, की तो गंगुबाईंनाही पलंगावर ऐकू गेला.

"अरे बाबा," वासनिक म्हणाले, "चालत येण्याचं हे मागच्याच वर्षी बोलला असतास तर काय बिघडलं असतं? रॅली झाल्यावर आठ दिवस जिना उतरू शकलो नाही मी. तू पुढे ताठ बसलेला, मग मी कसा मागे हटू? आपल्या चौघांतल्या मेश्रामचं तर विचारूच नको. त्याची सून त्याला सायकलवर चढवून ढकलून देते."

"खरं सांगतोस?"

"तुझ्यापायी मरत होतो आम्ही!" वासनिक आता मोठमोठ्याने हसत होते. "थांब, मेश्रामला फोन करतो. आज झोपेल बिचारा."

सकाळी नरसिंहने त्यांच्यासाठी दुकान लवकर उघडलं. दादाराव पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, गंगुबाई निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत. दोघं एकत्र आलेले पाहून नरसिंहच्या चेहऱ्यावर, आता माझ्यावर कोणता आळ येणार, अशी भीती उमटली. त्याने सायकल बाहेर काढली आणि तिच्यापेक्षा स्वतःलाच सावरत उभा राहिला.

"अंकल जी, माफ़ करना. आवाज़ नहीं मिली."

"कोई बात नहीं. साइकिल दे दो."

नरसिंह घुटमळला. गिऱ्हाईक म्हातारं होतं, सणाचा दिवस होता. पण नियम तो नियम.

"एक राउंड..."

टपरीवरची माणसं बाकावर सरसावून बसली. दादारावांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि सायकल शेजारी घेऊन चालायला लागले. घाई न करता, ताठ मानेने. हँडल धरलं की जमीन हलत नव्हती. काठी घ्या म्हणून डॉक्टर उद्या सांगेल तेव्हा सांगेल. ही दोन चाकांची काठी आजच हाती आली होती. ई-रिक्षा मागे पडली, टपरी मागे पडली. ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून ते परत आले आणि नरसिंहसमोर उभे राहिले.

"हो गया राउंड. तुमने ट्रान्सफॉर्मर तक बोला था. चढ़के जाने को कहाँ बोला था?"

पण नरसिंहचं लक्ष बोलण्याकडे नव्हतंच. तो मागच्या चाकाकडे बघत होता, डोळे विस्फारून.

"अंकल जी, फिर से चलाइए. थोड़ा-सा."

दादारावांनी सायकल दोन पावलं पुढे नेली. टक, टक, टक, टक.

"ये!" नरसिंह ओरडलाच. "ये आवाज़ थी? अरे, ये तो फ्रीव्हील है! हाथ में लेकर चलो तो सबकी बोलती है. पैडल मारोगे तो बंद. इसका कोई इलाज नहीं, ये तो ऐसे ही बनती है." किती रात्रींची झोप एकदम परत मिळाल्यासारखा तो हसत सुटला, आणि त्याने टपरीवाल्याला सगळ्यांसाठी चहा सांगितला.

चहा पिऊन दोघं विहाराच्या रस्त्याला लागले. गंगुबाईंनी कापडी पिशवी सायकलीच्या कॅरिअरला अडकवली आणि एक हात सहज तिथेच राहू दिला. कोपऱ्यावर वासनिक आणि मेश्राम उभे होते, पांढऱ्या कपड्यांत, सायकली हातात धरून. कोणीच वर चढलेलं नव्हतं. जय भीम झालं. पुढे रस्त्यावर उन्नतीच्या सायकलीवरचा निळा झेंडा पोरांच्या घोळक्यात फडफडत वळणाआड गेला.

मग ही म्हातारी माणसंही निघाली आणि तिन्ही सायकली एकदम बोलायला लागल्या. टक टक टक टक.

"दादाराव, तुझ्या सायकलीचा आवाज येतोय रे," मेश्राम म्हणाले.

"माहीत आहे," दादाराव म्हणाले. "तुझ्याही सायकलीचा येतोय."